इक्विलिब्रियम कॉन्स्टंटची गणितं: नेमकी कुठे चुकतात आणि कुठल्या क्रमाने सोडवायची

अकरावीची पोरं इक्विलिब्रियमचं, म्हणजे रासायनिक समतोलाचं, गणित समोर आलं की सगळ्यात आधी आकडे उचलतात आणि फॉर्म्युल्यात टाकतात, आणि गणित तिथेच हातातून जातं. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, इकडच्या पोरांच्या वह्या बघताना मला कायम दिसतं की गुणाकार-भागाकार बहुतेक बरोबर असतो, चुकलेलं असतं ते त्याच्या आधीचं. त्यात आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी मीडियमला असतात, अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं, मग गणित नीट वाचण्यातच गोची होते आणि पोरगं ठरवून टाकतं की आपल्याला केमिस्ट्री जमत नाही. जमतं हो, क्रम पाळलात तर नक्की जमतं. तो क्रम खाली देतोय, पहिली दहा-बारा गणितं तरी एकही टप्पा न गाळता करा, घाई नंतर करायची.

## बसण्याआधीची तयारी

मोल काढणं, मोलॅरिटी, समीकरण बॅलन्स करणं आणि वर्गसमीकरणाचं सूत्र, या चार गोष्टी हातात असल्या पाहिजेत. यातली एक जरी कच्ची असेल तर आधी तिच्यावर एक संध्याकाळ घाला, नाहीतर इथे चूक कशामुळे झाली तेच कळणार नाही.

बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही पण लॉग टेबल चालतं, त्यामुळे घरी पण मोबाईलचा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून लॉग टेबलनेच सराव करा. उदाहरणार्थ ५४.३ चं वर्गमूळ हवंय, तर लॉग १.७३४८, त्याचं अर्धं ०.८६७४, अँटीलॉग ७.३७. झालं. घातांकवाल्या आकड्याचं वर्गमूळ काढताना घात आधी सम करून घ्या, म्हणजे ४.६३ × १०^-५ असेल तर ४६.३ × १०^-६ लिहा आणि मग वर्गमूळ काढा, ६.८० × १०^-३. विषम घाताचं अर्धं करायला जाऊन बरीच पोरं दहाच्या पटीत चुकतात.

## टप्पा १: समीकरण लिहा, बॅलन्स करा, कोण कुठल्या अवस्थेत आहे ते लिहा

गणितात समीकरण दिलेलं असलं तरी वहीत परत लिहा. प्रत्येकासमोर वायू, द्रव, घन की पाण्यात विरघळलेलं, तेही लिहा. मगच केसीची, म्हणजे इक्विलिब्रियम कॉन्स्टंटची (Kc), राशी मांडायची, चौकोनी कंस म्हणजे त्या पदार्थाची मोल पर लिटरमधली काँसंट्रेशन: वर प्रॉडक्ट, खाली रिअॅक्टंट, आणि समीकरणातला प्रत्येकाचा सहगुणक त्याच्या डोक्यावर घात म्हणून.

एच२ + आय२ ⇌ २ एचआय
केसी = [एचआय]² ÷ ([एच२] × [आय२])

अमोनियाचं, म्हणजे अलिबागजवळ थळच्या आरसीएफ कारखान्यात जी रिअॅक्शन चालते तिचं:

एन२ + ३ एच२ ⇌ २ एनएच३
केसी = [एनएच३]² ÷ ([एन२] × [एच२]³)

सावधान: ३ हा फक्त घातात जातो. (३[एच२])³ असं कुठेही लिहायचं नाही.

घन पदार्थ आणि शुद्ध द्रव राशीत येत नाहीत. हे पोरं पाठ करतात पण मनातून पटलेलं नसतं, म्हणून जवळचं उदाहरण घ्या. आपल्याकडे खाडीकाठाला शिंपले भाजून चुना करायची पद्धत जुनी आहे. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, तापवला की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साईड होतो. यातले दोन घन, एक वायू, म्हणून केपी (Kp, काँसंट्रेशनऐवजी वायूंच्या दाबात मांडलेला कॉन्स्टंट) म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साईडचा दाब. ८०० अंश सेल्सिअसला तो साधारण ०.२३६ अॅटमॉस्फिअर असतो. बंद भांड्यात मूठभर शिंपले टाका नाहीतर पाटीभर, दोन्ही घन थोडे तरी शिल्लक असले की दाब तेवढाच येणार. भट्टी मात्र उघडी असते, वायू निघून जात राहतो, समतोल होतच नाही, म्हणून तर शिंपले पूर्ण भाजून निघतात. घनाचं प्रमाण वाढवून काही फरक पडत नाही हे एकदा असं डोळ्यासमोर आलं की राशीत कार्बोनेट लिहायला हात जाणारच नाही.

## टप्पा २: मोलला लिटरने भागा

माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथे जातात आणि त्याला कारणही आहे. पोरं पहिलं गणित शिकतात ते हायड्रोजन-आयोडीनचं. त्यात दोन्ही बाजूला वायूचे मोल सारखेच, त्यामुळे भांड्याचं आकारमान वर-खाली कटून जातं आणि केसी काढताना नुसते मोल टाकले तरी उत्तर बरोबर येतं. सर बरोबरची खूण करतात, पोराला वाटतं भागायची गरजच नाही, आणि ती सवय पुढच्या गणितात घात करते.

हे बघा. पीसीएल५ ⇌ पीसीएल३ + सीएल२. ४ लिटरच्या भांड्यात २.० मोल पीसीएल५ घेतलं, ४० टक्के फुटलं. नुसते मोल टाकले तर ०.८ × ०.८ ÷ १.२ = ०.५३३. नीट भागून केलं तर ०.२० × ०.२० ÷ ०.३० = ०.१३३. बरोबर चारपट फरक, कारण भांडं चार लिटरचं. एमसीक्यूत तर ते चुकलेलं ०.५३३ पर्यायात ठेवलेलंच असतं, तुम्ही खुशीत त्याच्यावर गोल करून मोकळे होता.

म्हणून नियम एकच, मोल दिसले की आधी आकारमान शोधा आणि भागा, कटणार असलं तरी भागा. पुस्तकात डेसीमीटर क्यूब असेल तर ते लिटरच, मिलिलिटर असतील तर हजाराने भागून लिटर करा. ग्रॅम दिले असतील तर आधी मोल, मग मोलॅरिटी.

तपासा: पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी वहीत प्रत्येक आकड्यापुढे मोल पर लिटर लिहिलंय का? नसेल तर थांबा.

## टप्पा ३: दिलेला आकडा सुरुवातीचा की समतोलाचा, ते ठरवा

गणितात इनिशियली, टेकन, हीटेड असं आलं तर तो सुरुवातीचा आकडा. अॅट इक्विलिब्रियम, फाउंड टू कंटेन, रिमेन्ड असं आलं तर समतोलाचा. हे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. सगळेच आकडे समतोलाचे दिले असतील तर तक्ता नको, सरळ राशीत टाका आणि केसी काढा, दोन ओळींचं गणित आहे ते. सुरुवातीचे आकडे केसीच्या राशीत घालणं ही चूक मात्र फार होते, आणि ती याच टप्प्यावर अडवायची.

टक्केवारी दिली असेल तर ती सुरुवातीच्या प्रमाणाची टक्केवारी असते, उरलेल्याची नाही.

## टप्पा ४: क्यू काढून दिशा बघा

होडी पाण्यात घालायच्या आधी भरती आहे की ओहोटी ते बघतात ना, तसंच रिअॅक्शन कुठल्या बाजूला सरकणार ते आधी बघायचं. त्यासाठी क्यू (Q, रिअॅक्शन कोशंट) काढायचा. क्यूची राशी हुबेहूब केसीसारखीच, फक्त आकडे आत्ताचे, म्हणजे सुरुवातीचे.

क्यू केसीपेक्षा लहान आला तर रिअॅक्शन पुढे जाणार, मोठा आला तर मागे, सारखा आला तर समतोल आहेच, काही सोडवायचं नाही.

सुरुवातीला प्रॉडक्ट अजिबात नसेल तर क्यू शून्य, पुढे जाणार हे उघड आहे, तिथे वेळ घालवू नका. पण तिन्ही पदार्थ आधीच भांड्यात असतील तर क्यू काढल्याशिवाय एक ओळही पुढे लिहू नका. उदाहरण: ४३० अंश सेल्सिअसला हायड्रोजन-आयोडीनचा केसी ५४.३ दिलाय. भांड्यात हायड्रोजन ०.१० मोलर, आयोडीन ०.१० मोलर, एचआय १.० मोलर.

क्यू = १.० ÷ (०.१० × ०.१०) = १००

१०० हा ५४.३ पेक्षा मोठा, म्हणजे रिअॅक्शन मागे जाणार, एचआय कमी होणार. हायड्रोजन जेवढा मोलरने वाढेल त्याला एक्स म्हणा. मग हायड्रोजन ०.१० + एक्स, आयोडीन तेवढंच, एचआय १.० − २एक्स. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की

(१.० − २एक्स) ÷ (०.१० + एक्स) = ७.३७

एक्स = ०.०२८१. एचआय ०.९४४ मोलर, बाकीचे दोघं ०.१२८ मोलर.

दिशा उलटी धरली तरी गणित चुकत नाही खरं तर, फक्त एक्स ऋण येतो. पण पोरं ऋण एक्स बघून घाबरतात, चिन्ह खोडून टाकतात आणि मग सगळंच उलटं होतं. दिशा आधी बघितलीत की ही भानगडच येत नाही.

## टप्पा ५: तीन ओळींचा तक्ता मांडा

सुरुवात, बदल, शेवट. वही आडवी धरा आणि मोकळी जागा सोडून मांडा, कोपऱ्यात दाटीवाटीने मांडलेल्या तक्त्यात आकडे एकमेकांच्या रकान्यात शिरतात.

गणित असं घेऊ: ५ लिटरच्या भांड्यात २.० मोल हायड्रोजन आणि २.० मोल आयोडीन, ४३० अंश सेल्सिअस, केसी ५४.३. समतोलाला प्रत्येकाचे किती मोल असतील?

आधी भागाकार, दोघंही ०.४० मोलर. मग तक्ता, रकाने एच२, आय२, एचआय या क्रमाने:

सुरुवात: ०.४० | ०.४० | ०
बदल: −एक्स | −एक्स | +२एक्स
शेवट: ०.४० − एक्स | ०.४० − एक्स | २एक्स

सहगुणक फक्त बदलाच्या ओळीत लागतात. सुरुवातीच्या ओळीला त्यांनी गुणायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. अमोनियात बदल −एक्स, −३एक्स, +२एक्स असा येईल, सुरुवातीचा हायड्रोजन मात्र जेवढा दिलाय तेवढाच.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. एचआयच्या २ चा उपयोग तक्त्यात एकदा केला, २एक्स लिहिताना, मग राशीत परत वर्ग कशाला, दोनदा कसं काय? तर ती दोन वेगळी कामं आहेत. २एक्स हे एचआय किती तयार झालं त्याचं प्रमाण आहे, तीच त्याची काँसंट्रेशन. आणि राशी सांगते की एचआयची जी काही काँसंट्रेशन असेल तिचा वर्ग घ्या. म्हणून (२एक्स)², म्हणजे ४एक्स². कंस न घालता २एक्स² लिहिलं की उत्तर गेलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी कंस आधी काढायला लावतो आणि मग त्यात २एक्स लिहायला लावतो, एवढ्या एका सवयीने ही चूक जवळजवळ बंद होते.

तपासा: शेवटच्या ओळीत एक्सच्या जागी मनातल्या मनात छोटा आकडा घालून बघा. रिअॅक्टंट कमी आणि प्रॉडक्ट जास्त होतायत ना, क्यूने सांगितलेल्या दिशेनेच?

## टप्पा ६: एक्स सोडवा, पण आधी गणिताचा चेहरा बघा

तीन प्रकार असतात, कुठला आहे ते ओळखून मगच हात घाला.

पूर्ण वर्ग. वरचं गणित असंच आहे. (२एक्स)² ÷ (०.४० − एक्स)² = ५४.३. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ, २एक्स ÷ (०.४० − एक्स) = ७.३७, त्यावरून ९.३७ एक्स = २.९४८, एक्स = ०.३१५. एवढ्यावर गणित संपत असताना कंस उघडून वर्गसमीकरण करत बसलेली पोरं बघितली की जीव तुटतो, परीक्षेतली पाच मिनिटं फुकट. मात्र खाली दोन वेगळे कंस असतील, म्हणजे हायड्रोजन आणि आयोडीन वेगवेगळं घेतलं असेल, तर वर्गमूळ घेता येत नाही, ते तपासून घ्या.

वर्गसमीकरण. एन२ओ४ ⇌ २ एनओ२, २५ अंश सेल्सिअसला केसी ४.६३ × १०^-३. २.५ लिटरच्या भांड्यात ०.१० मोल एन२ओ४ घेतलं, म्हणजे ०.०४० मोलर.

(२एक्स)² ÷ (०.०४० − एक्स) = ०.००४६३
४एक्स² + ०.००४६३एक्स − ०.०००१८५२ = ०

सूत्रात घातलं की दोन उत्तरं येतात, ०.००६२५ आणि −०.००७४. दुसरं घेतलं तर एनओ२ ऋण येईल, वायूची काँसंट्रेशन ऋण असत नाही, म्हणून ते टाकून द्या, आणि का टाकलं ते एका ओळीत लिहा. मग एनओ२ = ०.०१२५ मोलर, एन२ओ४ = ०.०३३७५ मोलर. कधी कधी दोन्ही उत्तरं धन येतात, तेव्हा जे उत्तर घेतल्यावर एखादा रिअॅक्टंट शून्याखाली जातो ते टाकायचं.

अंदाज चालेल असं गणित. केसी खूप लहान असेल तर (०.०४० − एक्स) ला नुसतं ०.०४० धरतात. ही युक्ती चांगली आहे पण पोरं ती दिसेल तिथे लावतात. वरच्याच गणितात लावून बघा: ४एक्स² = ०.०००१८५२, एक्स = ०.००६८. हा ०.०४० च्या १७ टक्के झाला. ५ टक्क्यांच्या वर गेलं की अंदाज रद्द, परत वर्गसमीकरण. आता व्हिनेगरमधलं अॅसेटिक अॅसिड घ्या, ०.१० मोलर, केए (Ka, अॅसिड पाण्यात फुटण्याचा इक्विलिब्रियम कॉन्स्टंट) १.८ × १०^-५. एक्स² = १.८ × १०^-६, एक्स = १.३४ × १०^-३, म्हणजे १.३ टक्के. इथे चालेल.

सावधान: अंदाज लावला तर टक्केवारी काढून दाखवलीच पाहिजे. १०^-३ बघून लहान वाटलं एवढ्यावर सोडू नका, सुरुवातीचा आकडा किती आहे त्याच्याशी तुलना हवी.

## टप्पा ७: उत्तर परत राशीत घाला, मग प्रश्न पुन्हा वाचा

हायड्रोजन-आयोडीनच्या गणितात एक्स = ०.३१४६ धरला तर एचआय ०.६२९, बाकीचे ०.०८५४. ०.६२९² ÷ ०.०८५४² = ५४.२. दिलेल्या ५४.३ ला पुरेसं जवळ, आकडे पूर्णांकित केल्याने एवढा फरक पडतोच. ५० किंवा ६० आलं असतं तर कुठेतरी चूक आहे, सरळ टप्पा ५ ला परत जा.

आता प्रश्न काय होता? मोल विचारले होते. म्हणून ५ ने गुणा: एचआय ३.१५ मोल, हायड्रोजन आणि आयोडीन प्रत्येकी ०.४२७ मोल. सगळे मिळून ४.० होतात, सुरुवातीलाही ४.० च होते, या रिअॅक्शनमध्ये मोल बदलत नाहीत, म्हणजे उत्तर जुळलं. एक्स काढून दोन रेघा मारून मोकळं होणारी हुशार पोरं इथे एक मार्क सोडून येतात, फार वाईट वाटतं.

## केपी आलं तर

केपी = केसी × (आरटी)^डेल्टा एन. आर म्हणजे गॅस कॉन्स्टंट, टी म्हणजे तापमान. यात तीन ठिकाणी पाय घसरतो. डेल्टा एन म्हणजे वायूचे प्रॉडक्ट मोल वजा वायूचे रिअॅक्टंट मोल, घन आणि द्रव मोजायचे नाहीत. तापमान केल्विनमध्ये. आणि दाब अॅटमॉस्फिअरमध्ये असेल तर आर ०.०८२१ घ्यायचा, बार असेल तर ०.०८३१४. फिजिक्समधला ८.३१४ इथे आणला की उत्तर कुठच्या कुठे जातं.

अमोनियाचं करून बघू. ५०० अंश सेल्सिअस, म्हणजे ७७३ केल्विन, केसी ०.०६०. डेल्टा एन = २ − ४ = −२. आरटी = ०.०८२१ × ७७३ = ६३.५. केपी = ०.०६० ÷ ६३.५² = १.४९ × १०^-५. ऋण घात म्हणजे भागायचं, हे विसरून गुणलं तर २४० च्या वर जातं, तेव्हा चिन्हावर बोट ठेवून लिहा.

समीकरण उलटं केलं तर केसी एक भागिले होतो, ५४.३ चा ०.०१८४. अर्धं केलं तर वर्गमूळ, ७.३७. दोन समीकरणांची बेरीज केली तर त्यांच्या केसींचा गुणाकार, बेरीज नाही. आणि दाब वाढवला, भांडं बदललं, माल वाढवला, कॅटॅलिस्ट घातला, तरी केसी तोच राहतो, तापमान बदललं तरच बदलतो. असा प्रश्न एमसीक्यूत आला की आकडेमोड करायला बसू नका.

## स्वतः करून बघा

सगळे टप्पे लिहून करा, उत्तर आधी झाकून ठेवा.

१. ४३० अंश सेल्सिअस, २ लिटरच्या भांड्यात फक्त १.० मोल एचआय. समतोलाला काय असेल? एचआय ०.३९३ मोलर, हायड्रोजन आणि आयोडीन ०.०५३४ मोलर, एचआय २१.३ टक्के फुटलं. तुमचं उत्तर याच्या जवळ नसेल तर बहुतेक तुम्ही केसी उलटा न करता उलट्या समीकरणाला ५४.३ च लावलाय.

२. २५ अंश सेल्सिअस, २.५ लिटरच्या भांड्यात ०.२० मोल एनओ२, एन२ओ४ अजिबात नाही. इथे रिअॅक्शन मागे जाणार, तक्त्यात एन२ओ४ ला +एक्स आणि एनओ२ ला −२एक्स. एन२ओ४ ०.०३३७५ मोलर, एनओ२ ०.०१२५ मोलर. टप्पा ६ मधलंच उत्तर आलं, कारण ०.२० मोल एनओ२ आणि ०.१० मोल एन२ओ४ यात अणू तेवढेच आहेत आणि भांडंही तेच. वेगळं आलं असेल तर वर्गसमीकरणाची दोन्ही उत्तरं परत बघा, दोन्ही धन येतात, आणि त्यातल्या एकाने एनओ२ शून्याखाली जातो.